शेताचं पांघरूण

उताराच्या रानात एक होती ठकूबाई. तिची एक लेक, मैना. दोघींत मिळून एकच गोधडी, आणि मक्याचं एक शेत. तेही वरच्या पावसावरचं, विहीर नाही की ओढा नाही. मका पिकला तर वर्षभर भाकरी. नाही तर मैनाला मामाच्या गावी ठेवावं लागणार होतं.

मका गुडघ्याएवढा झाला आणि पाऊस रुसून बसला. पानं पिवळी पडली. ठकूबाईला वाटलं, मका भुकेला असेल. मग तिनं मूठभर युरिया टाकला. पानांची टोकं करपली. तिला वाटलं, कमीच पडला. मग अजून एक मूठ टाकली. पानांच्या सुरळ्या झाल्या. आईचा जीव असाच, बरं का. घाबरला की भरवतच सुटतो.

तिसरी मूठ उचलली, तोच जमिनीच्या भेगेतून आवाज आला, "ठकू, थांब गं बाई. कोरड्या घशाखाली घास उतरतो का?"

शेत बोलत होतं. ठकूबाई भेगेपाशी वाकली. "पाणी कुठून आणू, माय?"

"पोटात थोडी ओल आहे माझ्या. पण ऊन रोज येऊन पिऊन जातं. अंगावर काहीतरी घाल."

मग ठकूबाई पळत गेली, गोधडी आणली आणि शेतावर घातली. शेत हसलं. "ह्यात माझा अंगठाही मावत नाही. आणि तुझी पोर काय पांघरेल? बांधावर जाळायला ठेवलंय, ते दे की."

बांधावर गेल्या सालच्या मक्याची वाळकी धाटं होती. मग मायलेकींनी ती ओळीओळीत पसरली. उताराला आडव्या सऱ्या ओढल्या. शेजारची गयाबाई बघत होती. म्हणाली, "पांघरूण झालं, आता अंगाई म्हण." मैनानं खरंच म्हटली.

तीन दिवसांनी पावसाची एक सर आली. इवलीशीच. गयाबाईच्या रानातलं पाणी उतारानं वाहून गेलं. ठकूबाईचं सरीत थांबलं, धाटांखाली मुरलं.

"आता वाढ तुझा युरिया," शेत म्हणालं. "पण चिमूट चिमूट. मुळाजवळ, वर माती लोटून."

तिनं तसंच केलं. मग मका डोक्यावर गेला, कणसं दाण्यांनी भरली. गयाबाई हळूच येऊन विचारून गेली, "अंगाई कुठली म्हटलीत गं?"

मैना मामाकडे गेली, पण कणसं द्यायला. दोन दिवसांत परत आली आणि आईजवळ त्याच गोधडीत शिरली.

शेत निजलं, मैना निजली. तुम्हीही पाय आत घ्या बरं, आणि मिटा डोळे.