खंडूची पुरी ताकीद

एका गावात खंडू नावाचा एक भोळा प्रोग्रामर होता. सांगाल तेवढंच करायचा, पण तेवढं मात्र जीव ओतून. गावच्या दूध संघात तो कामाला होता. तो प्रोग्राम लिहायचा आणि संगणकातला कंपायलर तो तपासून काय चुकलं ते पडद्यावर सांगायचा.

एकदा पडद्यावर पिवळी ओळ आली. 'ही पद्धत जुनी झाली आहे. पुढच्या आवृत्तीत काढून टाकली जाईल. याऐवजी नवी वापरावी.'

काढायला कोण येतंय ते बघत खंडू दिवसभर दारात बसून राहिला. काम ठप्प.

त्याच्या साहेब निमकरबाई म्हणाल्या, "अरे, लाल ओळ म्हणजे चूक. पिवळी म्हणजे नुसती ताकीद. वाचायची आणि पुढे जायचं."

"बरं, बाई."

दुसऱ्या दिवशी दारात पिवळी पाटी होती. 'फरशी ओली आहे.' खंडूनं ती वाचली आणि पुढे गेला. थेट दह्याच्या पातेल्यात.

बाईंनी कपाळावर हात मारला. "पाटी लिहिणारा तरी काय शहाणा! वाट कुठून ते नको लिहायला? ताकीद द्यावी तर पुरी द्यावी. काय जुनं झालं, कधी काढणार, त्याऐवजी काय. कंपायलर बघ कसा तिन्ही सांगतो."

"बरं, बाई," दही पुसत खंडू म्हणाला.

रविवारी खंडू मुलगी बघायला गेला. आधीची पाच स्थळं मोडली होती, आणि या रेवतीचा फोटो तर तो उशाशी घेऊन झोपायचा. सोबत आजोबा, काका आणि चुलतभाऊ हणमंत होते.

रेवतीनं पोहे दिले आणि आजोबांच्या पाया पडायला वाकली.

"थांबा," खंडू अदबीनं म्हणाला. "आजोबा जुने झाले आहेत. पुढच्या वर्षी काढून टाकले जातील. त्यांच्याऐवजी काका वापरावेत."

आजोबांना ठसका लागला. रेवतीचे वडील ताडकन उठले. "हे स्थळ रद्द!"

खंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. "अशी अर्धवट ताकीद देतात का, मामा? कधीपासून रद्द? माझ्याऐवजी कोण?"

मामा नुसतेच दाराकडे बोट दाखवू लागले. खंडूला त्यांची दया आली. त्यानं स्वतःच ताकीद पुरी केली.

"खंडू आजपासून बंद. त्याऐवजी हणमंत वापरावा."

हणमंत लाजून लाल झाला. रेवतीला हसू आवरेना. मामा हळूच खाली बसले. "हणमंतराव काय करतात?"

महिन्याभरात लग्न लागलं. अक्षता टाकता टाकता खंडू निमकरबाईंच्या कानाशी लागला.

"बघा बाई, ताकीद पुरी दिली की कुणाचं काही अडत नाही!"