गोगलगाईला उशीर झाला

जंगलात नुकतीच लोकशाही आली होती, तेव्हाची गोष्ट. तळ्यातल्या माशांनी गोगलगाईला पाच वर्षांसाठी सभेवर निवडून दिलं. “तळं आटतंय, एवढंच तिथे सांग, बाई,” ते म्हणाले. ती त्याच दिवशी निघाली आणि सभेच्या शेवटच्या दिवशी धापा टाकत पोहोचली.

“माफ करा, उशीर झाला. आमच्या तळ्याचा प्रश्न मांडायचा होता.”

“उशीर कसला, ताई?” सभापती घुबडराव म्हणाले. “कोणी कुठे बसायचं, हे आम्ही कालच ठरवलं. आज निरोपाचा फोटो आहे. या, पुढे बसा.”

“आणि प्रश्न?”

“सभेची मुदत संपली की प्रश्नही संपतात. नियमच आहे तसा.”

फोटो छान आला. मग हा नियम माशांना कळवायला गोगलगाय लगेच निघाली. पाच वर्षांत पोहोचेल.