शामिनीचे झाड

एका राज्यात गांजाची सगळी झाडे राजाच्या मालकीची होती. मादी झाडाच्या फुलांवर काचेसारखे बारीक केस उगवत, केसाच्या टोकाला चिकट डिंकाचा थेंब धरे आणि थेंबात दोन बहिणींपैकी एक राही. मादिनी डोक्यात चढे, हसवी, भुलवी. शामिनी नशा देत नसे. ती मुलांची आकडी शांत करी.

राजा उदग्रसेनाला मादिनीच हवी होती. त्याचे सरदार झाड न् झाड चाखत आणि जे चढत नसे ते उपटून टाकत.

राणी सुवेला म्हणाली, "महाराज, चढत नाही म्हणून झाड वाया जात नाही."

"वाया काय जाते, ते राजा ठरवतो."

दरबाराने माना डोलावल्या. त्याच कामासाठी त्यांना पोसले होते.

रानातल्या यक्षिणीने शाप दिला, "जिला उपटलेस, तिच्यासाठीच रडशील." त्याच संध्याकाळी राजकन्या कुंदिनीला आकडी आली. मग घरोघरच्या मुलांना येऊ लागली.

गवाक्षात एक मुनिया पक्षीण येऊन बसली आणि बोलली, "राणी, शामिनीचे एकच झाड उरले आहे, यक्षिणीच्या अंगणात."

राणी मुलीला घोड्यावर घेऊन निघाली. मागोमाग राजाही निघाला.

यक्षिणीने तीन कामे सांगितली. पहिले, उपटलेल्या झाडांची मुळे पुन्हा मातीत पुरायची. राणीने पुरली, तिचे तळवे सोलून निघाले. दुसरे, न चाखता शामिनी ओळखायची. अंगणातली झाडे सारखीच दिसत होती. राणीने मुलीचा थरथरता हात एकेका झाडाला लावला. एका झाडापाशी तो स्थिर झाला.

"तिसरे काम," यक्षिणी म्हणाली, "थांबायचे. थेंब आज घेतलास, तर तुझी मुलगी आज बरी होईल, पण झाड संपेल. थांबलीस, तर बी धरेल."

राजाने झाडाकडे हात नेला. राणीने त्याचे मनगट धरले.

"सोड! आपली मुलगी आहे ती!"

"आणि बाकीची मुले कोणाची आहेत, महाराज?"

राजाने मागे वळून पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याजवळ मान डोलावणारे कोणी नव्हते.

मुनियाने दूरच्या नर झाडाचा पराग पंखांवर आणला. बी धरले, पिकले, पेरले गेले. तोवर कुंदिनीला रोज आकडी येत राहिली आणि प्रत्येक आकडी तिच्या आठवणीतले काहीतरी घेऊन गेली.

मग शेते फुलली. शामिनीचा थेंब घराघरांत पोचला, मुले शांत निजू लागली, शाप सरला. राजाने सरदारांना घरी पाठवले आणि शेतांची राखण स्वतःकडे घेतली.

कुंदिनीही बरी झाली. एका सकाळी ती बांधावर उभी राहून फुले पाहत होती. राजा जवळ गेला.

तिने अदबीने हात जोडले. "झाडे छान ठेवली आहेत आपण. आपले नाव काय?"

राजाने नाव सांगितले. नाते सांगण्याचा धीर त्याला झाला नाही.