पहारेकरणीची परीक्षा

फार जुनी गोष्ट. कड्यावरच्या एका मोठ्या पोळ्याला दारावर पहारेकरीण हवी होती. वणव्यात घर जळालेली झिपरी मधमाशी तिथे गेली. निवड करणारे पंच सगळे नर, म्हणजे नांगी नसलेले. त्यांनी तिला उडून दाखवायला लावलं, मग वास ओळखायला, मग नाचून फुलांची वाट सांगायला. दर वेळी म्हणायचे, "छान! पुन्हा ये."

पावसाळा तोंडावर आला. झिपरी उपाशीच होती.

"आता शेवटचं," पंच म्हणाले. "खाली म्हैस चरतेय, तिला डंख मारून दाखव."

"पण काका, तिला डंख मारला की आपण मरतो."

"नियम सगळ्यांना सारखाच, बाई."

झिपरीने डंख मारला आणि ती गवतात पडली. तिथे आधीच बऱ्याच जणी पडल्या होत्या.

वर पंचांनी एकमताने तिची निवड केली. दारावर मात्र अजूनही कुणी नाही.