लव्हाळ्याची एक पट्टी

खूप खूप वर्षांपूर्वी, पश्चिमेच्या समुद्रातल्या एका हिरव्या बेटावर, दलदलीच्या काठी एक गाव होते. तिथे दिव्याला तेल नव्हते. लोक दलदलीतला लव्हाळा सोलत, मेंढीच्या चरबीत बुडवत आणि त्या काड्या जाळत. धुके उतरले की प्रत्येक घर अशी पेटती काडी दारात धरी. चिखलातून परतणाऱ्याला तेवढीच खूण.

गावातल्या शेवटच्या घरात डोंगरातली एक मुलगी सून म्हणून आली. सासूला नीट दिसत नसे, म्हणून दिव्यांचे काम तिच्याकडे आले.

सासू म्हणाली, "साल काढ. सालीतून चरबी आत शिरत नाही. पण सगळी काढू नको हं, एक बारीक पट्टी राहू दे."

सून गोंधळली. "आई, साल वाईट असेल तर ठेवायची कशाला? आणि चांगली असेल तर काढायची कशाला?"

"आम्ही असंच करतो बाई," सासू म्हणाली. तिलाही कुणी कारण सांगितले नव्हते.

शेजारीण हसली. "डोंगरातली पोर! काकडी सोलतेय असं वाटतंय तिला."

सून लाजली. तिने पुन्हा विचारले नाही. पट्टी ठेवून चरबीत बुडवलेली पहिली काडी ओबडधोबड दिसली, म्हणून ती कोपऱ्यात टाकली. बाकीच्या साऱ्या तिने पांढऱ्याशुभ्र सोलल्या.

तिसऱ्या दिवशी नवरा दलदलीत, वाळवून चुलीत जाळायची माती कापायला गेला आणि दुपारीच दाट धुके उतरले. सुनेने काडी पेटवली. ती वाकली आणि तुटून पडली. दुसरीही तुटली. टोपलीतल्या काड्या संपत आल्या.

"अगं, दिवा कुठंय?" धुक्यातून हाक आली. "गुडघ्यापर्यंत रुतलोय! कुठल्या बाजूला येऊ?"

सून रडू लागली. सासूने चाचपडत कोपऱ्यातली ती काडी उचलली; बोटांना सालीची पट्टी लागली. "ही लाव."

ती पेटली आणि ताठ उभी राहिली. नवरा उजेडाच्या रोखाने आला, एक जोडा चिखलात सोडून.

सुनेने काडी निरखून पाहिली. "आई, जळतो तो मऊ गाभा. ही पट्टी त्याला उभं धरते!"

"असं होय?" सासू म्हणाली. "मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं."

बोध: न समजलेली गोष्ट लाजून सोडू नये, कळेपर्यंत विचारावे, आणि कळेपर्यंत सांगितल्याप्रमाणे करावे.