भागीचे गुडघे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, माझ्या आजेसासूच्या आजेसासूलाही ते ठाऊक नव्हतं. पण गोष्ट आमच्या हेदूळचीच. डोंगरापलीकडचे सातोळीवाले सांगतात की भागी त्यांच्या गावची, आणि तिच्या नावानं त्यांनी चौथरासुद्धा बांधलाय. बांधोत! माहेर तिकडचं असेल तिचं, पण नांदली हेदुळात, जळफळली हेदुळात आणि उभी राहिली तीही हेदुळातच. तेव्हा सातोळीत काही ऐकलं असेल तर ते उंबऱ्याबाहेर झटका आणि मग बसा.

गावाच्या खालच्या अंगाला आमची राई आहे. बारा महिने पाणी, पाऊल टाकाल तिथं चिखल, आणि त्यात रानजायफळाची उंच झाडं. त्या काळी या झाडांची मुळं इतर झाडांसारखी जमिनीखाली असायची, असं म्हणतात. शिमगा झाला की गावाला लाकूड लागायचं. कुणाला वासे, कुणाला होडी. पण कुऱ्हाड लावायच्या आधी राई बघायची, हा नियम भागीच्याही आधीचा. बघणारी बाई सात दिवस चिखल तुडवायची. झाडावर घरटं असलं, ढोलीत कुणी जीव असला, बुंध्याला एरवी कुठं न दिसणारं फूल असलं, की त्या झाडाला तांबडा दोरा बांधायची. दोरा दिसला की त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही.

भागीनं वीस वर्षं राई बघितली. चिखलातल्या बुडबुड्यावरून ती खाली बेडूक आहे की मासा ते सांगायची, असं म्हणतात. दर वर्षी बघणं संपलं की गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, तिच्या ओटीत मानाचा नारळ घालायचा. सगळं गावलं होतं तिला त्या राईत. एक माडगरूड तेवढा गावला नव्हता.

माडगरूड म्हणजे केवढा पक्षी! पिवळी मोठी चोच, आणि उडाला की पंखांचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू यायचा. त्याची मादी ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून भरवतो, पिल्लू मोठं होईपर्यंत. हा पक्षी राई सोडून गेला, असं म्हातारी माणसं सांगायची. भागीला ते पटायचं नाही. दर वर्षी ती मान वर करून ढोल्या शोधायची, मान आखडायची, घरी येऊन तेल लावून घ्यायची.

मग घरात आली धाकटी जाऊ, सुंद्रा. गावकर म्हणाला, "राई मोठी नि बाय एकटी. भागी, यंदा सुंद्राक घेवन जा गो." भागीनं मान हलवली, पण त्या दिवशी घरातलं एक भांडं नीट खाली ठेवलं नाही तिनं. सगळी आपटली.

सुंद्राला चिखलातल्या जळवांचं भय. म्हणून ती खाली बघत चालायची. तिसऱ्या दिवशी तिला एका बुंध्याशी बियांचा ढीग दिसला, रानजायफळाच्या, उंबराच्या, वर लाल सालपटं. इथं कोण खातंय म्हणून तिनं वर बघितलं, तर खोडाला लिंपलेली फट आणि फटीत पिवळ्या चोचीचं टोक! त्याच झाडाखालून भागी वीस वर्षं वर बघत गेली होती, आणि एकदाही तिनं पायाखाली बघितलं नव्हतं.

ते झाड राईतलं सगळ्यात सरळ. देवळाच्या आढ्यासाठी सुतारांनी तीन वर्षं त्याच्यावर डोळा ठेवला होता. पण सुंद्रानं दोरा बांधला, आणि कुठलं झाड ते न विचारताच गावकरानं ते हसत सोडलं. माडगरूड परत आला म्हणून ढोल वाजले. आणि मानाचा नारळ गेला सुंद्राच्या ओटीत.

आता काय सांगू? वीस वर्षांचा नारळ आणि तीन दिवसांची पोरगी! भागीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लोक तिला नावं ठेवतात, मी नाही ठेवत. मलाही एक जाऊ आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, भागी राईत गेली. त्या झाडाचा दोरा तिनं सोडला आणि शेजारच्या रिकाम्या झाडाला बांधला. उद्या माणसं येतील, वर बघतील, काही दिसणार नाही, आणि सुंद्राला हसतील. एवढंच तिच्या मनात होतं, असं म्हणतात. सुटलेल्या झाडाचं काय होणार हे तिला सुचलंच नाही, असंही म्हणतात. मी नाही म्हणत. वीस वर्षं राई बघितलेल्या बाईला एवढं कळत नाही होय?

तोडीच्या दिवशी बायांनी राईत जायचं नाही, अशी तेव्हा रीत. भागी सकाळी अंगणात भात कांडत होती, कान राईकडे लावून. तेवढ्यात डोक्यावर पंख घोंघावले. नर आला, चोचीत फळ घेऊन. झाडाखाली माणसं, तो भरवणार कसा? तो भागीच्या अंगणात उतरला आणि ते लाल फळ त्यानं तिच्या उखळात टाकलं, असं म्हणतात. भागीच्या हातातलं मुसळ गळून पडलं आणि ती धावत सुटली.

कुऱ्हाड अर्ध्यावर गेली होती. झाड कलायला लागलं होतं. भागी माणसांमधून घुसली, गुडघाभर चिखलात उतरली आणि खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"थांबा! आत मादी आसा! दोरो मियाच सोडलंय."

"ता कित्याक गो?" गावकरानं विचारलं.

"सुंद्राक गावलो, माका गावलो नाय, म्हणान."

सुंद्रा मागोमाग धावत आली होती, तिनंही ते ऐकलं. माणसांनी झाडाला टेकू लावले, पण चिखलात टेकू खचत गेले. भागी जराशी हलली की खोड करकरायचं. शेवटी ती म्हणाली, "पिल भायर येयपर्यंत मी हयसून हलणय नाय."

पन्नास दिवस ती उभी होती, असं म्हणतात. झाडाचा भार पाठीवर आणि पाय चिखलात. सुंद्रा दोन वेळा पेज घेऊन यायची आणि हातानं भरवायची. म्हणून भागी गप्प बसली असेल असं वाटतं का तुम्हाला?

"पेजेत मीठ नाय गो."

"काल खारट म्हणालात, आज अळणी."

"वर बघ त्या नराक. सकाळधरनं बावीस फळां हाडली त्याना. नि तू हाडलंस एक वाटी!"

सुंद्रा बडबडायची, पण दुसऱ्या दिवशी दोन वाट्या आणायची.

मिरगाच्या आधी एका सकाळी वर लिंपण फुटल्याचा आवाज आला. सारं गाव राईत जमलं. मादी बाहेर आली, मागोमाग पिल्लू आलं. सगळ्यांनी माना वर केल्या. भागीला मात्र दिसेना. ती खोडाखाली, झाड तिच्यावर कललेलं, ढोल पलीकडच्या बाजूला. जन्मभर वर बघितलेल्या बाईला तेवढंच दिसेना.

"सुंद्रा, सांग गो. कशी दिसता ती?"

सुंद्रानं सगळं सांगितलं. चोच कशी, मान कशी, पिल्लू फांदीवर कसं डुगडुगतं. भागी डोळे मिटून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तुझे डोळे माका व्हये होते गो." सुंद्रा तिच्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी झाड पाठीवरून उतरवायला माणसं गेली, तर भागी नव्हती. कललेल्या खोडाखाली चिखलातून दोन मुळं वर आली होती, दुमडलेल्या गुडघ्यांसारखी, आणि झाड त्यांच्यावर टेकलं होतं. त्या वर्षापासून राईतलं एकूणएक झाड चिखलातून गुडघे वर काढून उभं आहे. सातोळीच्या चौथऱ्यावर आहे का असं काही?

पुढच्या शिमग्याला गावकरानं सुंद्राला राई बघायला सांगितलं. ती म्हणाली, "एकटीक नको. माझ्यार जळणारी एक बाय दिया सोबत." तेव्हापासून हेदुळात राई बघायला दोघी जातात, आणि मुद्दाम अशा निवडतात की ज्यांचं एकमेकींशी पटत नाही. एक वर बघते, एक खाली बघते, आणि दुसरीपेक्षा कमी गावायला नको म्हणून दोघी पानन् पान उलटतात. एकीनं दोरा बांधला की दुसरीनं त्याच्यावर आपली गाठ मारायची. दोन गाठींचा दोरा एकटीनं सोडायचा नाही. आत शिरण्याआधी त्या कललेल्या झाडाच्या गुडघ्यांवर पेज ओततात आणि विचारतात, "भागीबाय, मीठ बरा आसा मा?"

एकतीस वर्षं मी आणि माझी जाऊ येसू अशाच जातो. या वर्षी तिला माडगरुडाची ढोल गावली. मला एकतीस वर्षांत नाही गावली. दोरा बांधून तिनं माझ्याकडे बघितलं, आणि काय हसली म्हणून सांगू! पण पुढं झाले आणि तिच्या गाठीवर माझी गाठ मारली. जळत जळत मारली, पण अशी घट्ट मारली की ती कुणाच्यानं सुटायची नाही.