थेंबही गळला नाही

"सर, थेंबही गळला नाही. आता तरी पेशंट द्याल ना?"

माझ्या थोरल्या भावाने, अंकुशदादाने, हे विचारलं तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते.

सर्जरी शिकणाऱ्या दादासारख्या रेसिडेंट डॉक्टरांचा सराव हिंगमिरे सर दर मंगळवारी दुपारी हॉस्पिटलच्या जुन्या स्वयंपाकघरात घ्यायचे. बकऱ्याचं आतडं मधोमध कापायचं, टाके घालून परत जोडायचं, मग एक टोक बांधून दुसरं नळाला लावायचं आणि टाके गळतात का बघायला पाणी सोडायचं. मी हॉस्पिटलजवळच्या मटणाच्या दुकानात कामाला. आतडी मीच धुऊन न्यायचो आणि दादाचं होईपर्यंत तिथेच बसायचो. मला ते बघायला फार आवडायचं.

त्या दिवशी सगळ्यांची आतडी टाक्यांतून गळत होती. दादाचं टम्म फुगलं, पण गळलं नाही.

"ह्यांची बघा सर, कारंजी झालीत," दादा म्हणाला. पोरं हसली.

असाच होता तो. सुट्टीत घरी आला की जेवतानाही डाव्या हाताने दोऱ्याच्या गाठी मारत बसायचा. आमच्या खाटेच्या पायाला त्या गाठी अजून आहेत. दादा नाही. ताप आला आणि आठवड्याच्या आत गेला. आई खाट पुसायला आली की मी ओरडतो, हात लावू नको.

त्या मंगळवारी हिंगमिरे सरांनी दादाचं आतडं बोटांनी दाबून पाहिलं.

"कोणता पेशंट हवाय?"

"उद्याचा, सर. केरबा माने. आतडं जोडायचंय त्याचं. तुम्ही समोर असालच."

"हं... दोरा किती ओढलास?"

"होता तेवढा जोर लावला."

"बोट पुढे कर."

"बोट कशाला, सर?"

"कर."

सरांनी दादाच्या बोटाला मुळाशी दोरा गुंडाळला आणि होता तेवढा जोर लावून गाठ मारली. मग स्टुलावर बसले.

"धाकटे, चहा ओता."

मी थर्मासमधला चहा ओतला.

"अंकुश, ज्वारी कशी आहे यंदा?"

"बरी आहे, सर."

"वडील तालमीत जातात का अजून?"

"जातात. पोरांना शिव्या द्यायला."

सर मोठ्याने हसले. दादाही हसला. सरांनी कप पुन्हा पुढे केला. पावसाचं विचारलं, आईच्या गुडघ्यांचं विचारलं. दादाचं हसू हळूहळू थांबलं. बोट लाल झालं, मग वांग्यासारखं जांभळं. पण तो बोलेना.

मला राहवेना. "अहो सर, काळं पडलं की बोट!" कात्री उचलून मी पुढे झालो.

"खाली बसा, धाकटे. तुमचं बोट आहे का?"

मी बसलो.

"काय रे, अंकुश?"

"सर... मुंग्या आल्यात. बोट आपलं वाटेना."

"गळतंय का कुठे?"

"नाही, सर."

"मग तक्रार कसली?"



सरांनी स्वतः दोरा कापला. बोटात रंग परत येईपर्यंत दादा त्याच्याकडे बघत राहिला.

"टाक्यांपाशी रक्तच पोचलं नसतं," तो हळू म्हणाला. "उद्या सगळं छान दिसलं असतं. चार-पाच दिवसांनी तिथेच सडून उसवलं असतं. केरबा..."

त्याने ते बोट मुठीत धरलं.

सर चहा पीत होते.

"पण सैल ठेवलं, तर गळेल, सर."

"गळेल."

"मग... किती ओढायचं?"

सर उठले. दादाने जोडलेलं आतडं त्यांनी नळावरून काढलं आणि बादलीत टाकलं.

"हे मेलेलं होतं, म्हणून मुकाट फुगलं. उद्या केरबाचं जिवंत आतडं हातात घे, त्याचा रंग बघ... त्यालाच विचार."